सूर बरोबर, लय बरोबर, पण पियानो 'आतून' वाजत नाही म्हणतात... काय करू?

काळी_पांढरी, पुणे

नमस्कार, बरेच महिने नुसती वाचतेय इथे, धागा पहिल्यांदाच काढतेय. मी अकरावीत आहे, पियानो लहानपणापासून शिकतेय, आता ग्रेड एटची (पाश्चात्त्य संगीताची आठवी परीक्षा) तयारी चाललीये. घरी डिजिटल पियानो, क्लासला अपराइट (उभा पियानो). अडचण अशी की नोट्स चुकत नाहीत, लय पक्की आहे, स्केल्स व्यवस्थित, पण टीचर सतत म्हणतात आणि मागच्या परीक्षेच्या शेऱ्यातही तसंच काहीसं होतं, की वाजवणं स्वच्छ आहे पण यात तू कुठे आहेस ते ऐकू येत नाही. आता हे नक्की काय करायचं? बोट चुकलं तर बोट सुधारता येतं, याला काय सुधारायचं?

आजीला विचारलं तर ती म्हणाली अगं वय काय तुझं, जरा जग बघ, सुखदुःख बघ, आपोआप उतरेल. टीचरही साधारण तेच म्हणतात, फक्त जरा वेगळ्या शब्दांत. मला ते पटत नाही. मला आत्ता काही वाटतच नाही असं थोडीच आहे, उलट इतकं वाटतं की कधीकधी वाजवताना डोळ्यात पाणी येतं, पण तेच मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकलं की सपाट. मग ते वाटलेलं जातं कुठे?

सध्या स्वतःसाठी म्हणून शोपँचा ई मायनर प्रिल्यूड (छोटी रचना, ओपस २८, नंबर ४) वाजवतेय आणि मोत्झार्टची ए मायनर सोनाटा, के. ३१०, हळूहळू बसवतेय. या दोन पीसवरून सांगितलंत तर मला जास्त कळेल. वाजवणारे, न वाजवणारे, सगळ्यांनी सांगा प्लीज.

पेटीवाला, सांगली

बाळ, मी तुझ्या वाद्याचा माणूस नाही, पेटी वाजवतो, भजनाला आणि नाट्यपदांना साथ करत आयुष्य गेलं. पण पुतण्याच्या घरी पियानो आहे, त्यावर बसल्यावर पहिल्यांदा जे जाणवलं ते सांगतो. पेटीवर सूर लावला की तो माझ्या हातात असतो, भाता जरा दाबला की फुगतो, सैल सोडला की बारीक होतो, लावल्यानंतरसुद्धा त्याचं काहीतरी करता येतं. पियानोत तसं नाही. पट्टी दाबली की सूर सुटला आणि सुटल्या क्षणापासून तो विझतच चाललाय. तुझा तो प्रिल्यूड पुतण्याने वाजवून दाखवला होता, उजव्या हाताला लांब लांब सूर आहेत. तो सूर विझत विझत जिथवर आलाय तिथूनच पुढचा उचलला तर गाणं होतं, प्रत्येक सूर नव्याने ठोकला तर नुसती टकटक होते. म्हणजे दुसरा सूर किती जोरात लावायचा हे पहिला सूर ठरवतो, आणि ते पहिला शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय कसं कळणार? आपण सूर वाजवला की पुढच्याच्या तयारीला लागतो, मागचा ऐकतच नाही.

आणि गा. आवाज कसाही असो, तोंडाने म्हण ती ओळ. श्वास कुठे घ्यावासा वाटतो तिथे पेन्सिलने खूण कर. साथीला बसणाऱ्याला आमच्याकडे पहिल्यांदा हेच सांगतात, बुवांचा श्वास ओळख. वयाबियाचं मनावर घेऊ नकोस.

ओवी_थत्ते_नव्हे, ठाणे

वाचतेय. मुलगा बारा वर्षांचा आहे, हाच प्रश्न दारात उभा आहे.

स्वरलिपी, मुंबई

पेटीवाले काकांनी अर्धं काम केलंय. शोपँ स्वतः शिष्यांना इटालियन ऑपेराचे गायक ऐकायला पाठवायचा, पियानो वाजवायचा असेल तर गायला शिका असं सांगायचा. आणि बाख, ज्याला लोक उगाच कोरडा समजतात, त्याने १७२३ साली इन्व्हेन्शन्सची जी स्वच्छ प्रत काढली तिच्या पहिल्या पानावर हेतू लिहून ठेवलाय, त्यात सगळ्यात महत्त्वाचं काय तर गाण्यासारखं वाजवण्याची रीत अंगी यावी. म्हणजे हे आजकालचं खूळ नाही.

मी दादरला मुलांना शिकवते. उरलेलं अर्धं सांगते, ते तुझ्या डाव्या हातात आहे.

त्या प्रिल्यूडमध्ये सगळं उजव्या हातात आहे असं वाटतं. पण बघ ना, पहिले काही बार (ठरावीक मात्रांचे गट) उजव्या हाताला आहे काय? बी, सी, बी, सी. एवढंच. नुसतं तेवढं कुणाला वाजवून दाखवलं तर कुणालाही काही वाटणार नाही. मग ते काळीज पिळवटणारं का होतं? कारण त्याच एका बी खाली डावा हात सतत बदलतोय. तीन-तीन सुरांचे कॉर्ड एकसारखे चाललेत आणि तिन्ही सूर एकदम बदलत नाहीत, एक सरकतो, बाकीचे तिथेच थांबतात, मग दुसरा सरकतो, मग तिसरा, बऱ्याचदा अर्ध्याच सुराने, म्हातारं माणूस जिना उतरताना एक पाय खाली टाकून मग दुसरा त्याच पायरीवर आणतं तसं. वरचा बी तोच आहे पण आत्ता तो घरचा होता, आता परका झाला, आता दुखायला लागला. दुःख आहे ते तिथे आहे. तू ते स्वतःच्या मनातून आणून वर ओतायला जातेस, आणि पानावर असलेलं तसंच राहतं.

म्हणून असं कर. काही दिवस उजवा हात बंद. डाव्या हाताचा प्रत्येक कॉर्ड एकदाच वाजव, आठ वेळा नाही, लांब धर, आणि कुठला सूर सरकला ते मोठ्याने म्हण: तळातला, मधला, वरचा. मग जो सरकला तो बाकीच्या दोघांपेक्षा किंचित जास्त ऐकू येईल असा वाजव. मग तोच सरकणारा सूर गात गात बाकीचे वाजव. पुढे दोन्ही हात एकत्र आले की हे मुद्दाम दाखवायचं नाही, पण कानाला ते एकदा माहीत झालं की हात पूर्वीसारखा वाजवूच शकत नाही, माझ्या मुलांच्या बाबतीत हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

अजून एक. बाराव्या बारपाशी सगळं थांबल्यासारखं होतं आणि तेराव्याला पहिलंच परत सुरू होतं. परत तेच का म्हणायचंय? याचं उत्तर मी देणार नाही, तुझ्या टीचरनेही देऊ नये, ते तुझं तू ठरव, फक्त काहीतरी ठरव. आणि सोळाव्या बारपाशी शोपँने स्ट्रेटो लिहिलंय, तिथे घट्ट होत पुढे जायचंय, सगळ्यात मोठा आवाज त्याच्याच लगेच पुढे येतो. निम्मी मुलं नेमकी तिथे हळवी होऊन रेंगाळतात आणि सगळा पीस एकाच रंगाचा होतो. आख्खा पीस २५ बारचा आहे, रेंगाळायला जागाच नाही.

तंत्रशोधक, बंगळूर

मी इंजिनियर, हौशी वाजवणारा. 'वाटलेलं जातं कुठे' हा प्रश्न मला फार आवडला कारण त्याला खरंच उत्तर आहे. पियानोची पट्टी दाबली की हातोडी तारेपर्यंत ढकलत नेली जात नाही, तारेपासून एखाद-दोन मिलिमीटर अलीकडे ती सुटते आणि उरलेलं अंतर एकटी जाते. त्यानंतर बोट पट्टीवर कितीही थरथरवा, त्या सुराला काहीही पोचत नाही. व्हायोलिनवाल्याला सूर लागल्यावरही कंप देता येतो, आपल्याला नाही. मग आपल्या हातात उरतं काय? सूर केव्हा वाजवला, हातोडी किती वेगाने सोडली, पट्टी किती वेळ दाबून धरली, आणि सूर लांबवणारं पायाचं पेडल. तुम्हाला जे काही वाटतंय ते या चार वाटांनी बाहेर आलं तर ऐकणाऱ्याला मिळतं. नाहीतर ते खांद्यात जातं, भुवयांत जातं, श्वास रोखण्यात जातं, आणि मोबाईलला खांदे ऐकू येत नाहीत.

ब्रूनो रेप नावाच्या संशोधकाने १९९२ मध्ये शूमानच्या 'ट्रॉयमेराय'ची २४ नामवंत पियानिस्टांची मिळून २८ रेकॉर्डिंगं घेऊन एकेका सुराचं अंतर मोजलं होतं. गंमत बघा, भागाच्या शेवटाकडे, फ्रेज (सुरांचं एक वाक्य) संपताना, जवळजवळ सगळे हळू होतात, तिथे सगळे एका घराण्याचे वाटतात. वेगळेपण दिसतं ते बारीक पातळीवर, फ्रेजच्या आत कोण कुठे किंचित थांबतो, कुठे पुढे सरकतो. म्हणजे व्याकरण सगळ्यांचं एक, बोलणं प्रत्येकाचं वेगळं. आणि उजव्या हाताची चाल जास्त जोरात वाजवली की तो सूर साथीच्या आधी, सेकंदाच्या साधारण तीन शतांश इतका आधी पोचतो, ते आपल्याला वेगळं ऐकू येत नाही पण चाल वर उठून दिसते.

डिजिटलवर एक बघ, पेडल अर्धं दाबलेलं ओळखतं का. खूप स्वस्त पेडल फक्त चालू किंवा बंद असतात, त्यावर शोपँ शिकलीस तर पाय बहिरा राहील. पेडल बदलता येतं बहुतेक मॉडेल्सना.

नाशिक_ते_लाइपझिग

तंत्रशोधक दादा, तुमचं सगळं मान्य पण त्यातून 'कसं' कळतं, 'का' कळत नाही. फ्रेजच्या शेवटी हळू व्हा हे सॉफ्टवेअरलाही सांगता येतं. मी इथे पियानोच शिकतोय आणि ज्या एका गोष्टीने माझं वाजवणं बदललं ती म्हणजे गायकांना साथ करणं. काका म्हणाले ना बुवांचा श्वास ओळख, अगदी तेच, फक्त जर्मनमध्ये.

काळी_पांढरी, आजींना माझ्याकडून एक सांग. शूबर्टने 'ग्रेट्शेन आम श्पिनराडं' हे गाणं १९ ऑक्टोबर १८१४ ला लिहिलं तेव्हा तो १७ वर्षांचा होता. गटेच्या फाउस्टमधली मुलगी चरख्यावर सूत कातत बसलीये आणि मन थाऱ्यावर नाही. पियानोच्या उजव्या हातात चरखा फिरतोय, गोल गोल, थांबत नाही. ती त्याचं रूप आठवत जाते, त्याची चाल, त्याचं हसू, हात, आणि मग 'आणि हाय, त्याचं चुंबन' यापाशी आवाज टिपेला जातो आणि चरखा थांबतो. हात थांबलेत तिचे. मग तो परत सुरू होतो, पण एकदम नाही, एकदा अडखळतो, परत अडखळतो, मग कुठे लय पकडतो. ते अडखळणं पियानो वाजवणाऱ्याने करायचंय, गायिका तेव्हा गप्प असते! ते वाजवताना मला पहिल्यांदा कळलं की शांततेतही काहीतरी घडत असतं, आणि किती वेळ थांबायचं हे मोजून ठरत नाही, ती मुलगी भानावर यायला किती वेळ घेईल यावर ठरतं. हे सतरा वर्षांच्या मुलाने लिहिलंय. मेंडेल्सनचं ऑक्टेट सोळाव्या वर्षीचं. शोपँच्या एफ मायनर कॉन्चेर्टोचा तो संथ भाग, तो एका गाणं शिकणाऱ्या मुलीवर मनातल्या मनात प्रेम करत होता तेव्हाचा, वय १९, आणि २० व्या वर्षी वॉर्सात लोकांसमोर वाजवला. वय होऊ दे मग भाव येईल असं यांना कुणी सांगितलं असतं तर अर्धं संगीत लिहिलंच गेलं नसतं. उलट मला वाटतं काही गोष्टी तुझ्या वयातच सगळ्यात खऱ्या वाजतात.

वयाने बदलत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. ग्लेन गूल्डने गोल्डबर्ग व्हेरिएशन्स १९५५ मध्ये, २२ व्या वर्षी रेकॉर्ड केली, आणि परत १९८१ मध्ये. सुरुवातीची आरिया पहिल्यात दोन मिनिटांच्या आत संपते, दुसऱ्यात तीन मिनिटांच्या वर जाते. दोन्ही ऐक. पण पहिलं काही कच्चं नाहीये, ते दुसरं काहीतरी आहे.

इतिहासवेडी, कोल्हापूर

मला पियानो येत नाही पण यांची चरित्रं खूप वाचलीत. के. ३१० बसवतेयस तर हे माहीत हवं की ती १७७८ च्या उन्हाळ्यात पॅरिसमधली आहे. मोत्झार्ट २२ वर्षांचा, बरोबर आई होती, आणि ३ जुलैला ती तिथेच परक्या शहरात गेली. त्याच्या पियानो सोनाटांमध्ये मायनरमधल्या दोनच, त्यातली ही पहिली. आणि तुझा ई मायनर प्रिल्यूड शोपँच्या अंत्यविधीला ऑर्गनवर वाजवला गेला होता, ३० ऑक्टोबर १८४९, पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये. हे मनात धरून वाजवलंस तर भाव का नाही येणार?

स्वरलिपी, मुंबई

इतिहासवेडी, मनापासून वाचलं तुमचं, पण इथे मला थोडं अडवायचंय कारण मुलं नेमकी इथे घसरतात. त्याच पॅरिसच्या मुक्कामात मोत्झार्टने डी मेजरमधली झगझगीत 'पॅरिस' सिम्फनीपण लिहिली, आई जायच्या आधी काही आठवडे ती वाजलीसुद्धा. माणूस ज्या दिवशी जसा असतो तसंच त्या दिवशी लिहितो असं नाही. आणि मूनलाइट सोनाटा घ्या, चंद्रप्रकाश हे नाव बेथोवनने दिलेलं नाही, तो गेल्यानंतर एका समीक्षकाच्या वर्णनावरून चिकटलं. पण आता प्रत्येक मूल त्यात तळ्यावरचं चांदणं वाजवतं, आणि स्वतः बेथोवनने सुरुवातीला जे लिहिलंय, की हा भाग अख्खा अगदी नाजूकपणे आणि डँपर (तारांचा आवाज थांबवणाऱ्या गाद्या) उचललेले ठेवून वाजवा, ते कुणी वाचतच नाही.

आई गेली हे डोक्यात धरून के. ३१० वाजवली की मुलं ती मंद आणि ओली करतात. वर काय लिहिलंय? आलेग्रो माएस्टोसो, म्हणजे जलद आणि भारदस्त. डावा हात पहिल्यापासून भरलेले कॉर्ड एकसारखे आपटतोय, उजव्याला टोकदार लय, रडायला फुरसतच नाही त्या संगीताला. पहिल्या भागाच्या मध्यावर त्याने एफएफ (खूप मोठ्याने) आणि पीपी (खूप हळू आवाजात) अगदी शेजारी शेजारी लिहून ठेवलेत, काही मधलं नाही. ते खरंच तसं वाजवायची हिंमत कर, गुळगुळीत करू नकोस. दुःख आहे की राग आहे की आणखी काही, हे ऐकणारा ठरवेल.

इतिहासवेडी, कोल्हापूर

हे मला पटलं. मग असं म्हणू का की चरित्रापेक्षा त्या काळचं वाद्य माहीत असलेलं जास्त उपयोगी? मोत्झार्टच्या काळचे पियानो हलके असत, आतली चौकट लाकडाची, हातोडीला चामडं, सूर लवकर विझणारा. त्यावर एफएफ म्हणजे वाद्य आपल्या हद्दीपाशी येत असणार.

स्वरलिपी, मुंबई

अगदी अगदी. यूट्यूबवर फोर्टेपियानोवर (त्या काळच्या पियानोवर) वाजवलेली के. ३१० मिळते, ती ऐक काळी_पांढरी, आपल्या पियानोवर ते कॉर्ड इतके जाड का होतात ते लगेच कळेल.

मांडवीकाठ, मडगाव

बाये, आमच्या गोंयात पूर्वी पाद्रींच्या शाळेत मुलांना सोल्फेज शिकवायचे, वाद्य हातात यायच्या आधी सूर वाचून गायचा. माझी आजी तशी शिकलेली, मी चर्चच्या क्वायरमध्ये (गायकवृंदात) आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज गाते. वरच्या आवाजाला, सोप्रानोला, चाल मिळते, आल्टोला मिळतात तेच तेच दोन-तीन सूर, बरीच वर्षं मला ते नकोसं व्हायचं. पण मधला आवाज गाणाऱ्यालाच कळतं की वरचा सूर तोच असताना आपण अर्धा सूर खाली आलो की अख्ख्या चर्चमध्ये काय होतं ते. स्वरलिपीताई म्हणतात ते डाव्या हाताचं सरकणं मी अंगाने ओळखते. शूमानने शिकणाऱ्या मुलांसाठी जे नियम लिहिले त्यात हे आहेच, की क्वायरमध्ये मन लावून गा, आणि खास करून मधले आवाज गा. पुण्यात क्वायर आहेत, शोध एखादी, ऑडिशनला घाबरू नको, वाचता येणारी पोर कुणाला नको असते!

काळी_पांढरी, पुणे

सगळ्यांचे किती आभार मानू. डाव्या हाताचा अभ्यास करतेय. मधला सूर गात बाकीचे दोन वाजवणं अजून फार अवघड जातंय पण एक झालं, आठव्या-नवव्या बारमध्ये एक कॉर्ड आहे जो मी आजवर ऐकलाच नव्हता, म्हणजे वाजवत होते, ऐकला नव्हता. आता तिथे पोचायच्या आधीपासूनच पोटात काहीतरी होतं.

पण माझा एक प्रश्न राहिलाच. वाजवताना स्वतःला वाटायला पाहिजे की नको? तंत्रशोधक दादांचं वाचून वाटलं नसलं तरी चालेल, फक्त चार वाटा सांभाळा. मग मी रडते ते चुकीचं का?

स्वरलिपी, मुंबई

चुकीचं अजिबात नाही. बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमॅन्युएल याने १७५३ च्या त्याच्या वादनावरच्या ग्रंथात स्पष्ट म्हटलंय की वाजवणारा स्वतः हलल्याशिवाय दुसऱ्याला हलवू शकत नाही. मी त्याच्याच बाजूची आहे. फक्त कधी, हा प्रश्न आहे. पीस ओळखीचा होत असताना, एकटी असताना, रड, वाहून जा, तेव्हाच कळतं तुला कुठे काय होतं. मग तिथे पेन्सिलने लिही, मला इथे होतं. मग शोध की तिथे पानावर असं काय आहे: सूर सरकलाय, की अपेक्षित कॉर्ड आला नाही, की शांतता आहे. मग ते वाढवून वाजव, तुला लाज वाटेल इतकं वाढवून, आणि रेकॉर्ड कर, आणि लगेच ऐकू नकोस, दुसऱ्या दिवशी ऐक. लगेच ऐकलं तर मनातलंच ऐकू येतं. बहुतेक वेळा जे वाजवताना अती वाटलं ते ऐकताना जेमतेम पुरेसं निघतं, तुझ्यासारख्या नीटनेटकं वाजवणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर हमखास. सपाट येतं ते कमी वाटल्यामुळे नाही, वाटलेलं मोठं आणि फरक लहान, त्यामुळे.

रुबाटोचंही (लय किंचित मागेपुढे करण्याचंही) तसंच. शोपँ म्हणायचा डावा हात म्हणजे वाद्यवृंदाचा संचालक, तो लय सोडत नाही, उजव्याने त्यावर बोलावं. तू मेट्रोनोमला पक्की आहेस ही तुझी ठेव आहे, ती घालवू नकोस, डाव्याला दे.

ओवी_थत्ते_नव्हे, ठाणे

मध्येच विचारते. आमचा मुलगा वर्षभर परीक्षेचे तेवढेच पीस वाजवतो, पार घासून घासून, आणि मार्क चांगले येतात म्हणून आम्हीही गप्प. यातून हे सगळं कधी येणार?

स्वरलिपी, मुंबई

ताई, माझी सगळ्यात मोठी तळमळ हीच आहे. एबीआरएसएमच्या (ग्रेड परीक्षा घेणाऱ्या ब्रिटिश संस्थेच्या) प्रॅक्टिकल परीक्षेत १५० पैकी १३० ला डिस्टिंक्शन, आणि घरातलं सगळं बोलणं त्या आकड्याभोवती फिरतं. वर्षात तीन पीस वाजवणारं मूल म्हणजे वर्षात तीन गोष्टी वाचणारं मूल, त्याला भाषा कशी येणार? परीक्षा द्या, जरूर द्या, पण बरोबरीने त्याच्या ग्रेडपेक्षा दोन ग्रेड सोपे असे भरपूर पीस आठवड्याला एक-दोन वाजवून सोडून द्यायचे. शूमानचं 'आल्बम फॉर द यंग' घ्या, १८४८ साली त्याने स्वतःच्या मुलींना डोळ्यासमोर ठेवून लिहिलं, ४३ छोटे पीस, शिकारी, शेतकरी, घोडेस्वार, पहिलं दुःख, हिवाळा. प्रत्येकात एकच मनःस्थिती, एक-दोन पानांत. बारा वर्षांच्या मुलाला सोनाटात हरवण्यापेक्षा त्यात फार लवकर बोलायला येतं. आणि प्रत्यक्ष ऐकवा, ठाण्याहून मुंबईचं एनसीपीए सभागृह लांब पडतं मान्य आहे, पण वर्षातून दोन-तीनदा तरी न्या. हॉलमध्ये पियानोचा सूर कसा विझतो ते हेडफोनमध्ये कळत नाही.

मांडवीकाठ, मडगाव

+१. आणि पुण्यात पूना म्युझिक सोसायटीचे कार्यक्रम होतात, कॅम्पात मझदा हॉलला, लहान हॉल, पुढे बसलं की वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येतो.

नाशिक_ते_लाइपझिग

रेकॉर्डिंग ऐकण्याबद्दल एक. आधी स्वतः ठरव, मग ऐक, आणि ऐकायचं तर एक कधीच नको, चार-पाच ऐक. एकच ऐकलं तर नक्कल होते, पाच ऐकले की ते एकमेकांत इतके वेगळे निघतात की नक्कल करताच येत नाही, मग परत नोटेशनकडे यावंच लागतं. आणि प्रिंट कुठली वापरतेस? जुन्या एडिशनमध्ये संपादकांनी आपल्या मनाचे क्रेसेंडो (आवाज वाढवण्याच्या खुणा) आणि स्लर (सूर जोडण्याच्या खुणा) भरून ठेवलेले असतात, ते शोपँचे समजून आपण पाळत बसतो. ऊर्टेक्स्ट, म्हणजे संगीतकाराने लिहिलं तसंच छापलेली प्रत, मिळाली तर बघ.

तंत्रशोधक, बंगळूर

मी वर लिहिलं त्याचा अर्थ 'वाटायला नको' असा अजिबात नव्हता. वाटणं हा पुरवठा आहे. मला एवढंच म्हणायचं होतं की पाईप बंद असेल तर पुरवठा वाढवून उपयोग नाही. स्वरलिपीताईंचं दुसऱ्या दिवशी ऐकण्याचं मीपण करणार आता.

काळी_पांढरी, पुणे

एडिशन जुनीच निघाली, टीचरच्या टीचरची. ऊर्टेक्स्ट मागवतेय.

आणि नाशिक दादा, साथीचं खूप मनात बसलंय. माझी मावसबहीण ख्याल शिकते, आवाज छान आहे तिचा, जर्मन येत नाही पण शिकायला तयार आहे, कालच विचारलं. ग्रेट्शेन तर मला झेपणार नाही आत्ता, उजवा हात बघूनच घाबरले. आम्ही दोघींनी सुरुवात कुठल्या गाण्याने करावी?

नाशिक_ते_लाइपझिग

शूबर्टचंच 'आन दी म्युझीक' घ्या, १८१७ चं, दोनच कडवी, दोन पानं. उजव्या हातात साधे कॉर्ड, एकसारखे, संथ. डाव्या हाताकडे मात्र लक्ष ठेव, तिथे खाली एक स्वतंत्र चाल आहे, गायिकेच्या आधी तीच सुरू होते आणि मग दोघी एकमेकींशी बोलतात. तुझा सध्याचा डाव्या हाताचा अभ्यास सरळ तिथे कामाला येईल. शब्दांचा अर्थ दोघींनी मिळून आधी लिहून काढा, ओळीखाली ओळ, आणि बहिणीला कविता नुसती वाचायला लाव, तू ऐक. उच्चारांसाठी मला व्हॉइस मेसेज टाक, मी वाचून पाठवतो. मूळ डी मेजरमध्ये आहे, बहिणीला उंच गेलं तर लो व्हॉइसची एडिशन मिळते, स्वतः पट्टी बदलत बसू नकोस सुरुवातीला.

पेटीवाला, सांगली

आणि बाळ, बहीण ख्याल गाते म्हणजे तिला एक सूर दोन वेळा सारखा लावायची सवय नसेल. तिला मोजायला लावू नकोस, तू तिच्या मागे जा. आठवडाभराने काय झालं ते लिही इथे, मी वाट बघतो.